सूनबाईच्या गळ्याची चोरी

१

ज्या बाईच्या गळ्यातलं गाणं डॉक्टरांनी कापून काढलं, ती बाई इस्त्रीवाल्याच्या दुकानात गात होती. आणि तीच बाई माझ्या शेजारी उभी राहून चादरी मोजत होती.

ही माझी सून. थोरल्याची बायको. तिच्या गाण्यावर आमचं घर चाललं, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. सुनेला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की उतरवायला शिडी मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात वाईट गाठ निघाली आणि आवाजाची पेटीच काढावी लागली. तेव्हापासून ती मानेच्या भोकातून श्वास घेते, त्यावर सुती रुमाल बांधते. बोलायचं ते हातांनी, नाहीतर फोनवर लिहून.

"काय गायल्यात सूनबाई!" इस्त्रीवाला म्हणाला. फोन त्याने कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून उभा केला होता. "नवीनच आलंय. याच्या आधीची दोन पण झकास होती. लोक उगाच म्हणतात, बाईंचा गळा गेला."

"तू आधी चादरीवरचा डाग बघ," मी म्हटलं. "गाणं नंतर."

पण कान माझे फोनकडेच. आवाज तिचाच. मधाच्या तळाशी साखर बसावी तशी किंचित खरखर असलेला. सूनबाईने मोजणं थांबवलं नाही. शेवटच्या चादरीपर्यंत गेली आणि पुन्हा पहिलीपासून मोजायला लागली. मग पुन्हा पहिलीपासून. शेवटी गठ्ठा मीच तिच्या हातातून काढून घेतला.

रस्त्यात तिने फोनवर लिहून माझ्यापुढे धरलं. मला अक्षर लावून वाचावं लागतं. ती थांबली.

"हे मी कधीच गायलेलं नाही."

"ते कळतंय मला. म्हातारी झालेय, बहिरी नाही."

तिने पुन्हा लिहिलं. "आई, आज गाणं वदवलं. उद्या माझ्या तोंडून काहीही वदवतील. कोणी घेतला माझा आवाज, तेवढं शोधून द्या."

एवढ्या वर्षांत या बाईने माझ्याकडे साधी साडी मागितली नव्हती. मागितलं ते हे.

२

आमच्याकडे खाली स्टुडिओ आणि वर घर. ह्यांनी तो कॅसेटच्या काळात उभा केला. गायकांनी गायचं, पेटीवाल्यांनी साथ करायची आणि मी मागच्या खोलीत बसून टेपमधले श्वास ब्लेडने कापायचे. ह्यांना गाण्यात श्वास ऐकू आलेला खपत नसे. माणूस गातो आणि श्वास घेत नाही, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे म्हणायचे. पुढे सीडी आली, मग सीडीही गेली. आता गाणं विकत घेऊन कोणी घरी नेत नाही. ते हवेतून येतं, हवेत जातं, आणि मध्ये एक कंपनी बसलेली असते. मलई तिची, ताक आमचं. कंपनीशी बोलणी थोरला करतो. स्टुडिओतली यंत्रं धाकटा बघतो. दिवसभर बटणं पिळत बसतो म्हणून त्याला घरात सगळे बटण म्हणतात.

दुपारी सगळ्यांना खाली बोलावलं. गाणं लावलं.

थोरला रडायला लागला. त्याचे डोळे म्हणजे गळका नळ, लहानपणापासून. पण बायकोवर जीव होता, हे मला कबूल करावं लागेल. तिचा घसा बसायला लागला तेव्हा माझ्याशी स्वयंपाकघरात भांडला होता, हिच्या ताटात तिखट घालायचं नाही म्हणून. मी त्याला बाईलवेडा म्हटलं होतं.

"आई, जगात असे हजार चोर आहेत," तो नाक पुसत म्हणाला. "कुठे कुठे शोधणार? सोडून दे."

"चोर उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, तेवढं बघते. मग सोडते."

माझी लेक खिडकीशी उभी होती. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माघारी आलेली. तीही गाते. गायची. "वहिनीचं नाव तरी लोकांच्या तोंडात आहे," ती म्हणाली. "त्यात वाईट काय झालं?"

आमचे पेटीवाले एकटेच कोपऱ्यात चहा ओतून पीत होते. ते काही बोलले नाहीत. कधीच न बोलणारा माणूस गप्प बसला तर संशय घ्यायचा की नाही, हे मला कळेना.

३

सगळे वर गेल्यावर बटणला थांबवलं.

"मांजराच्या गळ्यात वहिनीचा आवाज घालून हसवायचास तो तूच ना?"

"आई, तो फोनवरचा पोरखेळ होता!"

"मग हा कोणाचा आहे? मला समजेल असं सांग. मशीनला तिचा आवाज मिळाला कुठून?"

तो खुर्चीत फिरला. "जुन्या गाण्यांतून काढला तर गोणपाटासारखा निघतो. मागची पेटी, तबला त्याला चिकटून येतात. हा तलम आहे. म्हणजे कोणीतरी कोरा आवाज दिलाय. नुसता गळा, मागे काही नाही. आणि ती खरखर ऐकलीस? ती शेवटच्या दिवसांतली आहे. गाठ कळायच्या आधीची."

"तसा कोरा आवाज आपण कधी भरला होता का?"

त्याने फळीकडे बघितलं. "धड्यांचा."

मला आठवलं. ऑपरेशनच्या आधी, घसा बसलेला असताना, सूनबाईने विद्यार्थ्यांसाठी गाण्याचे धडे भरले होते. धाकटा मशीनवर, पेटीवाले सूर द्यायला, लेक पुढ्यात मजकूर धरायला, थोरला चहा-पाण्याला.

"ते धडे कुठे ठेवलेत?"

"त्या फळीवरच्या डबीत. कुलूप नाही. कोणीही उचलावं आणि नक्कल करून ठेवून द्यावं. कळणारही नाही."

"म्हणजे चौघांपैकी कोणीही."

"चौघांत मी पण आलो की!"

"तू माझा लाडका आहेस म्हणून तुला वेगळा पाट मांडू का?"

तो हसला, मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "आई, एक लक्षात घे. हे मशीन आपोआप गात नाही. आधी एक जिवंत माणूस ते गाणं गातं. मग मशीन त्याच्यावर दुसऱ्याचा आवाज चढवतं. कातडं बदलतं नुसतं. थांबणं, उसळणं, श्वास, सगळं खाली गाणाऱ्याचंच राहतं."

म्हणजे सुनेच्या कातड्याखाली कोणीतरी बसलं होतं.

४

पेटीवाले मागच्या खोलीत पेटीच्या पट्ट्या पुसत होते. ते ह्यांचे मित्र, मला वहिनी म्हणतात. कंपनीला आता पेटी लागत नाही, कॉम्प्युटरच वाजवतो. तरी रोज येतात. सवयीचा माणूस आणि मुका बैल सारखेच, गोठा सोडत नाहीत.

"तुमचं पोट कोणी मारलं?" मी सरळ विचारलं.

"मशीनने."

"मग त्याच मशीनला आमच्या सुनेचा गळा विकून सूड घेतलात?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "वहिनी, सूड मशीनवर घ्यायचा तर त्याला खायला कशाला घालू? उपाशी मारेन."

उत्तर चांगलं होतं. चोरही चांगली उत्तरं देतात. "गाणं लावा," मी म्हटलं. "या असल्या फोनवर नको, स्पीकरच्या मोठ्या पेटाऱ्यावर."

त्यांनी लावलं. मी डोळे मिटले. मी गाणं ऐकत नव्हते. हल्ली गाण्यातले श्वास कापत नाहीत. लोकांना गाणारा माणूस खरा वाटायला हवा म्हणे. खोट्या गाण्यात तर मुद्दाम ठेवतात. मी ज्या गायकांचे श्वास कापले, त्यांचे चेहरे विसरेन, श्वास विसरणार नाही. टेपवर तो बोटभर तुकडा असायचा आणि प्रत्येकाचा वेगळा. सूनबाई नाकाने घ्यायची, लांब, बिनआवाजी. तिच्यासाठी ब्लेड लागायचंच नाही.

या गाण्यात ओळ संपायच्या आधीच श्वास येत होता. तोंडाने, घाईने, भुकेल्या माणसाने ताटावर बसावं तसा. मागून टाळूवर जीभ आपटल्याचा एक बारीकसा टक् आवाज.

"बंद करा."

"काय झालं वहिनी?"

"पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा लावलं. त्यांचा हात थांबला. त्यांनाही ऐकू आलं असावं. साथ केली होती त्यांनी तिला, तिच्या एकुलत्या कॅसेटला. ती कॅसेट कोणी घेतली नव्हती, म्हणून गठ्ठे माळ्यावर पडून होते.

मी तो श्वास कापला होता, ओळीओळीला. तो माझ्या पोटच्या पोरीचा होता.

५

लेक गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"कुठे गायलीस?"

ती दचकली नाही. चिमटा तोंडातून काढून दोरीवर लावला. "कपाटात. गोधड्यांच्या मध्ये बसून. फोनवर भरलं. स्टुडिओ लागतोय कोणाला आता?"

"लाज नाही वाटली?"

"आवडलं मला!" तिचा आवाज चिरकला. "आई, तीन गाणी मी गायले. लोक रडले ऐकून. बायका लिहितात, हे ऐकून मरावंसं वाटणं थांबलं. माझी कॅसेट निघाली तेव्हा तू काय म्हणालीस? हिच्यापेक्षा कुकर बरा गातो."

"बरोबरच म्हणाले होते. श्वास सांभाळायला तू अजून शिकली नाहीस. त्यानेच पकडली गेलीस."

ती हसली, वाईट हसली. "मग कर मला फाशी. पण मी चोरी नाही केली. वहिनीला चालणार आहे असं दादाने सांगितलं. तिच्यासमोर फक्त विषय काढू नको म्हणाला, तिला रडू येतं."

"दादाने?"

"आवाज त्यानेच दिला कंपनीला. मला वाटलं तुलाही माहीत आहे. या घरात तुझ्या परवानगीशिवाय दूध तरी उतू जातं का?"

६

थोरल्याला बोलवावं लागलं नाही. जिन्यात उभं राहून सगळं ऐकत होता. आमच्या आधीच खाली स्टुडिओत गेला आणि सगळ्यांसमोर सूनबाईच्या पायाशी बसला.

"मीच दिला," तो म्हणाला. "धडे पडूनच होते. तुझं ऑपरेशन झालं, औषधं चालू झाली. कंपनी म्हणाली, बाईंचा आवाज असेल तर आम्ही सांभाळून घेऊ. मी काय करणार होतो? तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तुझ्याचसाठी केलं गं."

सूनबाईने बराच वेळ त्याच्या डोक्याकडे पाहिलं. कंपनीने मशीनसाठी तिचा आवाज आधी कितीदा मागितला होता आणि तिने कितीदा नाही म्हटलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जे माझ्या छातीतून निघालं नाही ते माझं गाणं नाही, असं ती तेव्हा म्हणायची. तेव्हा म्हणता येत होतं.

मग तिने हात त्याच्या केसांवर ठेवला. फोन उचलून मला दाखवला. "औषधांसाठी केलं त्यांनी. जाऊ द्या, आई."

बटणने सुस्कारा टाकला. लेकीने डोळे पुसले. पेटीवाल्यांनी चहा मागितला. चोर सापडला होता, माफ झाला होता, आणि घर पुन्हा घरासारखं दिसायला लागलं होतं.

मला मात्र काहीतरी टोचत होतं. माशाचा काटा दातात राहावा तसं. दिसत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर गाडी ओरडत गेली की उद्या पाणी येणार नाही. घरात एकच धांदल. लेक बादल्या, पातेली, अगदी फुलदाणीसुद्धा भरून ठेवायला लागली. शेजारीण तर गॅलरीतून लोटा मागायला लागली.

मी नळापाशी उभी राहून बघत होते. भरलेल्या पातेल्यांची रांग स्वयंपाकघरातून दारापर्यंत गेली.

उद्या पाणी आहे म्हटल्यावर आज पातेली कोण भरतं?

मी बटणला मोरीत बोलावलं. "त्या धड्यांत नेमकं काय होतं?"

"म्हणजे... स्वर. एकेक अक्षर, वेगवेगळ्या पट्टीत. हळू, जोरात. मग वर्तमानपत्रातले उतारे. हसणं, उसासा, हुंकारसुद्धा."

"हुंकार शिकवायला कोणत्या पोराने पैसे दिले असते रे?"

तो नळाची तोटी पिळायला लागला.

"आणि माईक? आपला चांगला माईक असताना?"

"भाड्याने आणला होता. भारीतला. लवकर परत द्यायचा होता म्हणून रोज बसवायचो वहिनीला. तिचा घसा दुखायचा, पण..." तो माझ्याकडे बघायचं टाळायला लागला. "मजकूर दादाने दिला होता. माईकही त्यानेच आणला."

सूनबाई गच्चीवर उन्हात बसली होती. मी तिच्यासमोर बसले.

"धडे भरायच्या आधी तू डॉक्टरांकडे गेली होतीस?"

तिने मान हलवली. हो. लिहिलं: "नळी घालून बघितलं होतं. तुकडा तपासायला घेतला."

"आणि निघालं काय?"

"सूज. धडे संपले की विश्रांती घ्या म्हणाले."

"कोण म्हणालं? डॉक्टर?"

ती थांबली. बोट फोनवर अधांतरी राहिलं. मग हळूहळू लिहिलं: "यांनी सांगितलं. रिपोर्ट यांच्या फोनवर आला होता."

मी पदर डोक्यावर ओढला. उन्हात बसून मला थंडी वाजत होती. सून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मला तिथे काही दिसू द्यायचं नव्हतं. पण मला तिखटाचं ते भांडण आठवलं. ते धडे सुरू व्हायच्या आधीचं होतं. मला वाटलं होतं, बायकोवर जीव. कापायच्या आधी बोकडाला खाटीकही कोवळा पाला घालतो.

"चल," मी तिला म्हटलं. "दोघी जरा बाहेर जाऊन येऊ. जेवायला वेळ झाला तर होऊ दे."

८

परत आलो तेव्हा सगळे ताटावर बसले होते. मी हात धुतले, थोरल्याच्या समोर बसले, त्याला वाढलं. त्याने दोन घास खाल्ले तेव्हा म्हणाले,

"डॉक्टरांकडे जाऊन आलो आम्ही. जुन्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, पहिल्या वेळीच सांगितलं होतं की मी."

लेकीने मान वर केली. "काय सांगितलं होतं?"

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. थोरल्याकडे बघत राहिले. त्याचा घास हातात होता. रंग आधी उतरला, मग चढला.

"म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर गळा राहिला असता," मी म्हटलं.

"त्यांनी असं नव्हतं म्हटलं!" थोरला ओरडला. ताट हललं. "नक्की राहील असं नव्हते म्हणाले! बहुतेक म्हणाले होते. बहुतेक!"

त्याला स्वतःचं वाक्य उशिरा ऐकू आलं.

"रेडिएशनचे शेक घ्यावे लागले असते," तो घाईघाईने बोलायला लागला, जणू शब्दांनी भोक बुजवता येईल. "गळा भाजतो शेकाने. कित्येक महिने गाता आलं नसतं. त्यानंतर आवाज तसाच येईल याची हमी कोण देतं? कंपनीला तेव्हाच हवा होता. मी म्हटलं, आधी आवाज भरून घेऊ, जपून ठेवू, मग इलाज. थोडेच दिवस. एवढ्यात गाठ एवढी वाढेल हे मला काय माहीत? आई, बहुतेकवर कसं थांबणार? मी खात्रीचं घेतलं!"

"खात्रीचं घेतलंस," मी म्हटलं. "बायको राहिली ती बहुतेकमध्ये."

बटण उठून मोरीकडे गेला. घसा दुखत असताना तिला रोज माईकपुढे बसवणारा तोच होता.

सूनबाई बसून होती. तिचं तोंड जराही बदललं नाही. बदलला तो फक्त श्वास. मानेवरचा रुमाल आतबाहेर, आतबाहेर, आणि त्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज. तेवढाच आवाज तिच्याकडे उरलेला.

थोरला माझ्याकडे वळला. नेहमीसारखे डोळे भरलेले. "डॉक्टरांनी कागद दिला का तुला? पोलिसांत जाणार आहेस?"

"कसला कागद? आज त्यांचा सुट्टीचा वार. दवाखान्याला हे एवढं कुलूप होतं. आम्ही दोघी बागेतल्या बाकावर बसून शेंगा खाऊन आलो."

९

घर माझ्या नावावर, स्टुडिओ माझ्या नावावर. ह्यांनी जाताना एवढं शहाणपण केलं होतं. मी थोरल्याला दोन रस्ते सांगितले. आत्ताच्या आत्ता पोलीस चौकी. नाहीतर सूनबाई सांगेल ते, सांगेल तसं, आणि मग या घरातून कायमचं बाहेर. रडून झालं, पाया पडून झालं, मी त्याची आई आहे याची आठवण करून देऊन झालं.

"म्हणूनच तुझ्या ताटात मीठ घातलंय अजून," मी म्हटलं. "दुसरी असती तर विष घातलं असतं."

सूनबाई खाली गेली. आम्ही तिच्यामागे. तिने बटणला खूण केली, माईक लाव. मग लिहायला बसली. बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी फोन लेकीच्या हातात दिला आणि मोठ्याने वाच अशी खूण केली.

लेक वाचायला लागली. "मी ही गाणी गायलेली नाहीत. माझा गळा दोन वर्षांपूर्वी कापला. तो वाचला असता. माझ्या नवऱ्याला ते..." तिला पुढे वाचवेना.

सूनबाईने फोन परत घेतला आणि पुढे काय करायचं ते लिहून मला दाखवलं. कंपनीने उद्या चौथं गाणं येणार म्हणून सगळीकडे सांगून ठेवलं होतं. लोक वाट बघत होते. कंपनीचं मशीन थोरल्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, गाणी चढवायची चावी त्याच्या फोनमध्ये. उद्या गाण्याच्या जागी हे जाणार. तिच्या आवाजात.

"मी वाचते खाली," लेक म्हणाली, नाक ओढत. "मशीन माझ्यावर चढव, बटण. मी चांगलं वाचेन. वहिनी, मी श्वास सांभाळेन."

सूनबाईने मान हलवली. नाही. तिने बोट दाखवलं ते नवऱ्याकडे.

थोरला काचेच्या खोलीत गेला. जिथे तिला बसवलं होतं त्याच स्टुलावर त्याला बसवलं. कानाला हेडफोन, पुढ्यात तिचा फोन. आम्ही काचेच्या या बाजूला.

"मी ही गाणी गायलेली नाहीत," त्याने वाचलं. "माझा गळा दोन वर्षांपूर्वी कापला. तो वाचला असता. माझ्या..." तो अडखळला. "माझ्या नवऱ्याला ते माहीत होतं. त्याने मला सांगितलं नाही. माझा आवाज आधी भरून घेतला, रोज, दुखत असताना. मला वाटायचं, विद्यार्थ्यांसाठी आहे."

सूनबाईने बोट वर केलं. गाणाऱ्यांच्या धंद्यात त्याचा अर्थ एकच. पुन्हा.

त्याने पुन्हा वाचलं. घाईत वाचलं. बोट वर. पुन्हा. तिसऱ्यांदा त्याने सगळं नीट वाचलं, आणि बटणने मशीन चालवलं.

पेटाऱ्यांतून सूनबाई बोलली. दोन वर्षांनी. शब्द सगळे बरोबर होते. गळाही तिचाच, मधासारखा. पण ती बाई हुंदके देत होती. शेवटच्या ओळीत तर इतकी रडत होती की ऐकणाऱ्याला तिची कीव यावी.

सूनबाईने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग बटणच्या फोनवर जाडजूड अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि तो काचेला आतल्या बाजूने दिसेल असा टेकवला. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"तू रडू नकोस. तुझं रडं माझ्या आवाजात येतंय. मी रडत नाहीये."

थोरल्याने बाहीने तोंड पुसलं. पाणी प्यायला. माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि बटणला म्हटलं,

"दार नीट लावून घे. वेळ लागेल त्याला."

सूनबाईने बोट वर केलं.